आज कोरड्यास काय?

संध्याकाळी साडेपाचला तासगावच्या स्टँडबाहेर वडाप, म्हणजे माणसं भरली की निघणारी गाडी, भरतं. आम्ही रोजच्या चार-पाच बायका मागच्या सीटवर बसतो आणि गाडी हलायच्या आत कुणीतरी विचारतंच, "आज कोरड्यास काय?" आमच्या सातारा-सांगलीकडं भाकरीशी लावून खायला जे काही केलं जातं ते सगळं कोरड्यास, मग ती भाजी असो, कालवण असो, नाहीतर नुसतं पिठलं. परवा पतसंस्थेत काम करणारी एकजण म्हणाली, घरात वांगी पडून आहेत पण पोरं तोंड लावत नाहीत. कवठे एकंदला चढलेल्या मावशींनी लगेच सांगितलं, "भाजून साल काढ, कांदा आन् कूट घालून फोडणी दे, वर दही घाल. वांगं हाय म्हणून सांगूच नगंस." मलाही काही सुचत नव्हतं. मावशींनी विचारलं, "सकाळचा भात उरलाय का?" उरला होता. "मग जाता जाता ताक घ्या, बाई. लसणाची फोडणी द्या आन् मोकळ्या व्हा." माधवनगर येईपर्यंत चार घरांचं रात्रीचं जेवण ठरून गेलं होतं.

हे बोलणं मी पंधरा वर्षं ऐकते आहे. बरीच वर्षं मला ते वाट सरावी म्हणून चाललेलं वाटायचं. आता माझं मत पक्कं झालं आहे की दिवसभरात कानावर पडणाऱ्या बोलण्यात याच्याइतकं कामाचं दुसरं फारसं काही नसतं. रोज रात्री घरात काय शिजलं, ते कसं ठरलं, काय उरलं आणि त्याचं पुढं काय झालं, हे मोकळेपणानं सांगितलं गेलं पाहिजे, लिहून ठेवलं गेलं पाहिजे, आणि ते सांगणाऱ्यांत पुरुषही असले पाहिजेत. ही घरगुती बाब आहे, चारचौघांत बोलण्याची नाही, असं मानण्यात आपण बरंच गमावलं आहे. काय गमावलं ते मला कळलं ते वर्गात.

गेल्या वर्षी सातवीला मी निबंधाऐवजी एक सोपं काम दिलं. 'काल रात्री आमच्या घरी काय जेवण होतं' यावर दहा ओळी. तेहतीस वह्या घरी आणल्या आणि रात्री वाचायला बसले. अकरा वह्यांत पनीर होतं. काहींत पुलाव, छोले. एका मुलीनं पावभाजी आणि आइस्क्रीम लिहिलं होतं. त्या मुलीचं घर मी पाहिलेलं आहे. आई द्राक्षबागेत रोजानं जाते, सात वाजता घरी येऊन स्वयंपाकाला लागते. मुलीच्या डब्यात रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असते, आणि ती डब्याचं झाकण आडवं धरून जेवते. खोटं लिहिण्याचा तिचा स्वभाव नाही. वहीत लिहिण्याच्या लायकीचं जेवण वेगळं आणि आपण जेवतो ते वेगळं, एवढंच तिला आजवर सगळीकडून कळत आलं होतं. जाहिरातीत, लग्नाच्या मेनूत, मोबाइलवर दिसणाऱ्या चकचकीत ताटांत तिचं रात्रीचं जेवण कुठंच नव्हतं. तिच्या पाठ्यपुस्तकातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर माझ्या घरचं लिहिलं. सकाळच्या भाकरी कुस्करून फोडणीला टाकल्या, सोबत ताक. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, तुम्हीपण शिळं खाताय?" मी हो म्हटलं आणि कसं करतात तेही सांगितलं: भाकरी हातानं बारीक करायची, पाण्याचा हलका हबका मारायचा, तेलात मोहरी, भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद, मग भाकरी घालून झाकण ठेवून एक वाफ. कांदा भाकरीच्या निम्मा तरी हवा, नाहीतर कोरडं होतं. मग हात वर येऊ लागले. कुणाकडं ज्वारीच्या कण्या होत्या, कुणाच्या जतच्या आजीनं हुलग्याचं माडगं केलं होतं. एक मुलगा म्हणाला, "आमच्यात काल कालवणच नव्हतं. चटणीवर तेल घेतलं." हे त्यानं मान वर करून सांगितलं. पावभाजी लिहिणारी मुलगी त्या तासाला काही बोलली नाही. आठवडाभरानं तिनं न सांगता वहीत लिहून आणलं: 'काल आईनं पातळ पिठलं केलं. लसूण मी सोलला.'

मी फळ्यावर लिहिलं त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एकजण शिक्षकखोलीच्या दाराशी आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "बाई, आमच्यात सुकट होतं. वर्गात सांगितलं नाही."

सुकट आणि बोंबील आमच्याकडच्या आठवडी बाजारांत उघड्यावर ढीग लावून विकले जातात. कोकणातून घाट चढून ते पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. घेणारे सगळ्या थरांतले असतात. तरी वर्गात त्याचं नाव घेताना बारा वर्षांच्या मुलाला दार बघावं लागतं, कारण आपल्याकडं ताटावरून जात ओळखतात. हे लपवून उपयोग नाही. 'साधं घरगुती जेवण' म्हटलं की लेखांत आणि चित्रांत वरण-भात, वर तुपाची धार आणि लिंबाची फोड येते. छानच आहे ते जेवण. पण आमच्या निम्म्या तालुक्याची रात्र तशी नसते. कुणाची शाळूची भाकरी आणि खर्डा, कुणाची बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी, कुणाचं सुकट-भाकरी. साध्या जेवणाची चर्चा वाढायची असेल तर आधी साधं म्हणजे कुणाचं साधं, हे खुलं झालं पाहिजे. ज्या घराला काही गमवायचं नाही त्या घरानं आधी सांगावं. म्हणून मी फळ्यावर आधी माझं लिहिलं.

आमच्याच भागात यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. मुलांच्या पोटाची सोय व्हावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपण हे भाषणांत त्याग म्हणून सांगतो. मला त्यातली रोजची संध्याकाळ दिसते. इतक्या पोरांना आज काय घालायचं, डब्यात पीठ किती, उद्याचं काय, हा हिशेब त्या बाईच्या डोक्यात रोज चालला असणार. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकून मोठे झालेले हजारो लोक सातारा-सांगलीत आहेत. त्यांच्या शिक्षणाच्या मुळाशी एक बाई रोज 'आज काय' हे ठरवत होती, ही आठवण ठेवायला हवी.

हे 'ठरवणं' हा माझा मुख्य मुद्दा आहे. पाककृती सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. सांगलीशी नातं असलेल्या कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक लिहिता येतो हे घरोघरी पोचलं. 'अंदाजानं घाल' या शब्दापाशी अडलेल्या कितीतरी नव्या मुलींना त्यानं हात दिला. पण पाककृतीची पहिली ओळ वाचायची वेळ येते तोवर अर्धं काम झालेलं असतं. काय करायचं ते ठरलेलं असतं, सामान घरात आहे हे पाहिलेलं असतं, कुणाला काय चालत नाही हे लक्षात घेतलेलं असतं. हे आधीचं काम पुस्तकांत फारसं येत नाही, कारण ते काम आहे असंच कुणाला वाटत नाही.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. आईची घेवड्याची आमटी मी आजही करते. संध्याकाळी साडेसातच्या आमटीची सुरुवात सकाळी साडेसहाला होते. शाळेला निघायच्या गडबडीत वाटीभर घेवडा धुऊन पाण्यात टाकायचा. हे राहिलं की आमटी राहिली. संध्याकाळी कुकरला चार-पाच शिट्ट्या होईतो तव्यावर कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, लसूण-कोथिंबीर घालून वाटायचं. आईची खूण अशी की त्या वाटणातच मूठभर शिजलेला घेवडा घालायचा. आमटी दाट होते आणि खोबरं कमी लागतं. तेलात वर्षभरासाठी करून ठेवलेली चटणी टाकली की गॅस लगेच बारीक, कारण चटणी जळाली तर पुढं काही केलं तरी कडू लागतं. मग वाटण, मग घेवडा त्याच्या पाण्यासकट. पहिल्या रात्री भाकरीबरोबर कुस्करून. दुसऱ्या दिवशी उरलेली आमटी आटवून भातावर. म्हणजे सोमवारच्या सकाळी भिजवलेल्या एका वाटीनं मंगळवारची संध्याकाळही सोडवली. हा सगळा विचार आईनं मला कधी बसवून शिकवला नाही. मी तिच्या मागंपुढं करताना जेवढा उचलला तेवढा उचलला. बाकीचा तिच्याबरोबर गेला. ती आजारी असताना मी तिला औषधांच्या वेळा विचारत राहिले. आठवडा कसा लावायचीस, हे विचारायचं राहून गेलं.

कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. सांगलीच्या हळदीला आहे, बेदाण्याला आहे. आपलं पीक जगात ओळखलं जावं यासाठी लोकांनी कागदपत्रं जमवली, पाठपुरावा केला, हे अभिमानाचं आहे. तो घेवडा ज्यांनी शतकभर रोज शिजवला त्यांच्याकडं त्याचं काय काय होतं याची मात्र फारशी कुठं नोंद नाही. नोंद व्हायची तर ती करणार कोण? आपणच.

आता आकड्यांकडं येते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, आणि घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटं. भाग घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच मुळात चारात एक एवढं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. आणि पतसंस्थेतली माझी मैत्रीण काउंटरवर नोटा मोजताना मनात जे मोजत असते, दूध नासलं असेल का, सासऱ्यांना आज मऊ भात लागेल का, कोथिंबीर आहे का, ते अशा मोजणीत धरणं कठीण आहे. नोटा मोजण्याचा वेळ नोकरीत धरला जातो. डोकं मात्र दोन्हीकडं राबत असतं.

माझे यजमान स्वयंपाकघरात येतात, भाजी चिरतात, कुकर लावतात, भाकरीसुद्धा थापतात. अनेक वर्षं ते रोज मला विचारायचे, "काय करू ते सांग." मला त्यांचं कौतुक होतं आणि तरी त्या प्रश्नानं थकवा यायचा. थकवा का येतो हे मलाच नीट सांगता येत नव्हतं, कारण काम तर ते करत होते. एकदा शनिवारी आम्ही दोघांनी बसून एका पाठकोऱ्या कागदावर आठवडा मांडला. सोमवार घेवडा, मंगळवार उरलेली आमटी आणि भात, बुधवार पालेभाजी, आणि असंच पुढं. मग बुधवार आणि शुक्रवार त्यांच्याकडं गेले. नुसतं करण्यासाठी नाही, ठरवण्यासाठी. त्या दोन दिवशी मी विचारायचं नाही आणि त्यांनीही विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात घरी सलग तीन बुधवार शेपूच आला. मी काही बोलले नाही. चौथ्या बुधवारी त्यांनी स्वतःच मंडईत एका म्हातारीला विचारलं आणि चाकवत आणला, ताकातला केला. मंडईतल्या बाईला 'याचं काय करतात' असं विचारणारा पुरुष मी माझ्या घरात पहिल्यांदा पाहिला. माझ्या वडलांनी उभ्या जन्मात तो प्रश्न विचारला नव्हता.

यावर एक आक्षेप माझ्या सहकारी बाईंनीच घेतला आणि तो हलका नाही. त्या म्हणाल्या, "आपल्या मुली अभ्यास करून बाहेर पडायला लागल्यात आणि तुम्ही परत त्यांना चुलीच्या गोष्टी सांगायला लावताय." त्यांची भीती मला समजते. 'स्वयंपाक ही स्त्रीची कला' म्हणत म्हणत बाईला ओट्याशी बांधून ठेवल्याचा इतिहास आपल्या घराघरांत आहे. पण मी वर्गात मुलग्यांनाही लिहायला लावलं होतं, आणि लसूण कोण सोलतं हे त्यांच्याही वहीत आलं. जे काम दिसत नाही ते वाटून घेता येत नाही. आमच्या फ्रीजवरचा कागद मुलगाही वाचतो. कागद नव्हता तेव्हा सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि माझ्या डोक्यात कुणाला डोकावता येत नव्हतं.

दुसरा आक्षेप असा की ज्याच्या घरी आज काही शिजलंच नाही त्यानं काय सांगायचं. याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. चटणीवर तेल घेतलं म्हणणारा मुलगा मान वर करून बोलला, पण सगळे तसं बोलू शकणार नाहीत, आणि त्यांच्यावर बोलण्याची सक्ती करणं क्रूरपणाचं होईल. एवढं मात्र मी पाहिलं की त्या दिवसानंतर दोन मुलांच्या डब्यात काही नसतं हे वर्गातल्याच पोरांच्या लक्षात आलं, आणि डबे एकत्र उघडले जाऊ लागले. मला ते वर्षभर कळलं नव्हतं.

तयार पिठांची पाकिटं आणि पोळी-भाजी केंद्रं यांना दोष द्यायचं मला कारण दिसत नाही. आमच्या कॉलनीतलं केंद्र तीन बायका चालवतात, त्यांच्या चपात्यांवर माझे परीक्षेचे दिवस निघतात. फक्त पर्याय माहीत असावा. अर्ध्या तासात पातळ पिठलं आणि भात होतो, त्यात ताटभर समाधान आहे, हे ज्याला कुणी सांगितलंच नाही तो पाकीट फोडणारच.

समाधान हा शब्द मी विचार करून वापरला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हजारो माणसं घरं सोडून शाळा-मंगल कार्यालयांत राहत होती. मी एका निवारा केंद्रावर मदतीला होते. महाराष्ट्रभरातून बिस्किटं, फरसाण, पाण्याच्या बाटल्या येत होत्या, आसपासच्या गावांतून फडक्यात बांधून भाकऱ्या येत होत्या. देणाऱ्यांचे हात थोर होते, कुणी उपाशी राहिलं नाही. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी बायका म्हणू लागल्या की एक शेगडी आणि तूरडाळ मिळाली तर बघा. मिळाली. आमटीत चिंच घालायची की टोमॅटो यावर दोघींचा वाद झाला, चार दिवसांत पहिल्यांदाच कुणी पाण्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत होतं. फोडणी बसली. भिंतीकडं तोंड करून पडून असलेली एक आजी उठून बसली आणि म्हणाली, "मोहरी जळाली गं. काढ ती, दुसरी घाल."

दुसरी फोडणी त्या आजींनीच घातली. त्यांचं घर मगरमच्छ कॉलनीच्या बाजूला होतं, सगळं पाण्यात गेलं होतं. जेवताना त्या शेजारणीला सांगत होत्या की उद्या डाळ थोडी जास्त टाका, म्हणजे संध्याकाळी तिच्यातच कणीक सोडून वरणफळं होतील.

बचत गटांच्या बैठका आमच्याकडं महिन्याला होतात. हप्ते, कर्ज, सह्या झाल्या की दहा मिनिटं 'या महिन्यात नवं काय जमलं' यासाठी ठेवायला काय हरकत आहे? एका वहीत लिहायचं, नाव घालायचं तर घालायचं. शाळांत मुला-मुलींनी आजीला, आत्याला, आणि हो, आजोबालाही विचारून रात्रीचं जेवण लिहून आणायचं. पारावर, कट्ट्यावर बसणाऱ्या माणसांनी उसाच्या दराबरोबर एकमेकांना विचारायचं, आज घरी काय ठरवलंस? 'काय केलंय' नव्हे, 'काय ठरवलंस'. यासाठी पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. वडापमधल्या मावशींना मी सांगितलं की तुमचं बोलणं मी लिहून घेते. त्यांना आधी पटेना. "ह्यात काय लिवायचं?" मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, "ते वांग्याचं लिवलं न्हवं? त्यात दही गार हुस्तवर घालायचं न्हाई, ते बी लिवा."

काल गुरुवार होता. आज सकाळी सव्वासहाला डबा भरायला ओट्याशी गेले तर एका कोपऱ्यात झाकलेलं पातेलं दिसलं. झाकण काढून पाहिलं. मटकी भिजत घातलेली होती, छान फुगली होती. मी घातली नव्हती.